जोडा दाराशी, मन कुठे?

ईदच्या आधी आमच्या भाच्याने एक प्रश्न विचारला. तो चाकणच्या एका कारखान्यात नुकताच लागला आहे. पहिल्या पगारातून त्याला नायकेचा ‘डंक लो’ बूट घ्यायचा होता. किंमत आठ हजारांच्या पुढे. "मामू, ही फिजूलखर्ची होईल का?" त्याचे वडील देहूरोड स्टेशनबाहेरच्या मोच्याकडून एकच चप्पल तिसऱ्यांदा शिवून घेतात. त्यामुळे आम्हाला चटकन ‘हो’ म्हणावेसे वाटले. पण पैसा त्याच्या घामाचा होता, आणि आमची नाराजी म्हणजे न्याय नव्हे.

आधी वस्तू पाहू. हा बूट १९८५ साली अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांसाठी, त्यांच्या त्यांच्या रंगांत निघाला. खेळासाठी पुढे अधिक हलके, मऊ तळाचे बूट आले. हा मात्र जुन्या दिवसांची खूण म्हणून पुन्हा पुन्हा काढला जातो. घोट्याखाली कापलेला, चामड्याचा, सपाट रबरी तळाचा. फिरायला बरा, पण याहून कमी किमतीचा धावण्याचा बूट पायाला अधिक आराम देईल. म्हणजे जादा पैसे आठवणीचे, आणि ती आठवणही आमची नाही.

मग शौक करूच नये का? तसे आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या मुलाने गरजेपुरतेच जगावे, हा उपदेश बहुधा पोट भरलेली माणसे करतात. स्वस्तातली नक्कल घ्यावी, हेही पटत नाही. त्यात नुसते नाव विकत घेतले जाते, तेही खोटे.

आम्ही त्याला तीन गोष्टी विचारल्या. हप्त्यावर घेणार का? घरखर्चाला हात लावणार का? पावसाळ्यात देहूरोडच्या चिखलात घालणार का? पहिल्या दोन्हींना ‘नाही’ आले. तिसऱ्यालाही ‘नाही’च. "वळ्या पडतात, मामू. जुम्म्यालाही नेणार नाही. बाहेर काढून ठेवायची भीती वाटते."

आमच्या भागात मशीद आहे, बाबासाहेबांनी १९५४ साली बुद्धमूर्ती बसवलेला विहार आहे, जवळच देहूत तुकोबांचे मंदिर आहे. तिन्हीकडे जोडे बाहेरच काढावे लागतात. ज्या जोड्यापायी मन दाराशीच अडकून राहते, तो पैसे चुकते करूनही आपल्याला परवडलेला नसतो.

भाचा म्हणाला, थोडे थांबतो. उद्या त्याने घेतलाच, तर आम्ही रागावणार नाही. एवढेच सांगू की पहिल्या पावसात तोच घालून आमच्या घरी ये.