इंजिनाचा रंग आणि खरेपणाचा भाव

जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाला रंग द्यायचा का, हा प्रश्न गॅरेजमध्ये अर्ध्या मिनिटात सुटतो. मिस्त्री विचारतो, "काळा की सिल्व्हर?" आपण एक रंग सांगतो आणि चहा येतो. मला मात्र हा प्रश्न पावसाळाभर पुरला.

गाडी माझ्या मामांची. साडेतीनशेची कास्ट आयर्न बुलेट. मामा गेल्यावर ती काही वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. मामीला ती विकायची होती, कारण पैशांची गरज होती. चालू आणि दिसायला बरी असेल तर भाव चांगला येईल, म्हणून तिची दुरुस्ती मी अंगावर घेतली. इंजिन खाली उतरवून केरोसीननं धुतल्यावर काळ्या चिकट थराखालून दोन गोष्टी वर आल्या. सिलिंडरच्या पंख्यांवर गंज होता, आणि क्रँककेसच्या खालच्या बाजूला बोटभर लांब आर्गन वेल्डिंगचा ओबडधोबड टाका होता. मामांनी कधीतरी घाटात गाडी दगडावर घातली होती, त्याची ती खूण.

आता थोडं धातूंबद्दल, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा असतो. बीड उघडं ठेवलं तर गंजतं, म्हणून त्याला रंग हवाच. पण इंजिन हवेनं थंड होतं, पंख्यांमधून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. रंगाचे जाड थर चढवले तर त्या उष्णतेवर आपण गोधडी पांघरतो. म्हणून हीटप्रूफ रंगाचे एकदोन पातळ हात द्यायचे आणि ते उष्णतेवर नीट पक्के होऊ द्यायचे. साधा ऑइलपेंट मारला तर तो करपतो आणि पापुद्रे सोडतो. काळ्याचा एक लहान फायदाही आहे. चकचकीत धातूपेक्षा काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर फेकतो.

क्रँककेस मात्र ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही. हवा लागली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच त्याला सांभाळतो. ते जुनं होतं, राखाडी होतं, पण त्याला रंग लागत नाही. तरीही विकायला काढलेल्या जुन्या गाड्यांची क्रँककेस अनेकदा सिल्व्हर रंगानं न्हालेली असते. सहा महिन्यांत पेट्रोल आणि ऑइल लागून तो रंग सुटतो. पण तोवर गाडी विकलेली असते.

आमचे मिस्त्री सरळ माणूस. ते म्हणाले, "दादा, वेल्डिंग घासून घेतो, वर थोडी पुट्टी, वर सिल्व्हर. आईशप्पथ, कुणाला दिसणार नाही." त्यांना यात फसवणूक वाटत नव्हती. वेल्डिंग मजबूत होतं, ऑइल गळत नव्हतं, गाडी दणकट होती. मग एक जुना व्रण झाकला तर बिघडलं काय?

हा युक्तिवाद उडवून लावता येत नाही. आपण रोजच काही ना काही झाकतो. दिवाळीआधी भिंतीला रंग देतो तेव्हा खालचे डाग पाहुण्यांना मोजून दाखवत नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई करतो, आणि तिला कुणी खोटेपणा म्हणत नाही. का म्हणत नाही, हे पाहिलं तर थोडा उजेड पडतो. एक तर कल्हई भांड्यासाठी आणि जेवणाऱ्यासाठी असते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. दुसरं, कल्हई ही कल्हई आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती पितळ असल्याचं नाकारत नाही. सिलिंडरचा काळा रंग या जातीचा आहे. वेल्डिंगवरची पुट्टी या जातीची नाही. तिचं काम एकच, समोरच्याच्या मनात 'इथे कधीच काही झालं नव्हतं' असं वाक्य तयार करणं. आणि ते वाक्य खोटं आहे.

यावर जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणतील, मग रंगच नको, सगळं 'ओरिजिनल' ठेवा. पण ओरिजिनल म्हणजे कधीचं? बुलेटच्या बाबतीत हा प्रश्न फारच अवघड आहे. ही गाडी मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये तिथल्या कंपनीनं मद्रास मोटर्सशी हातमिळवणी केली, एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासमध्ये गाडी आधी जोडली आणि मग बनवली जाऊ लागली. इंग्लंडमधल्या कंपनीचं उत्पादन १९७० मध्ये थांबलं. मद्रासचं चालू राहिलं, आणि १९७७ मध्ये तीच गाडी इथून उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. म्हणजे मूळ संपलं, प्रत जगली आणि मग प्रतच मूळ झाली. अशा गाडीच्या बाबतीत शुद्ध मुळाचा आग्रह धरणं जरा विनोदीच आहे.

आपल्या सरकारनंही या प्रश्नाला हात घातला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात जतन केलेली हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. पण जतन करायला काहीतरी करावं लागतंच. गंज खरवडावा लागतो, रिंगा बदलाव्या लागतात. मग कुठे थांबायचं?

याचं मला पटलेलं उत्तर इमारतींच्या जगातून येतं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडली आहेत. त्यातली दोन गॅरेजच्या भिंतीवर लिहावीत अशी आहेत. पहिलं, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबलं पाहिजे. दुसरं, नवा भाग जुन्याशी मेळ खाणारा असावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावं. यात दुरुस्तीला बंदी नाही. बंदी आहे ती दुरुस्तीनं स्वतःचा पुरावा पुसून टाकण्याला.

पण ही तत्त्वं दगडाइतकी सरळ नाहीत, हे आपल्याकडे पाहिलं की कळतं. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षं साचलेला शेंदराचा थर काढला गेला आणि खालचं कोरीव रूप समोर आलं. आधीच्या पिढ्यांनी हात जोडले ते शेंदरी रूपाला. ते खोटं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो शेंदूर काही लपवण्यासाठी चढवलेला नव्हता. तो चढवण्यातच भक्ती होती. म्हणजे थर असणं हा दोष नाही. थर कुणासाठी आणि कशासाठी चढवला, तिथे प्रश्न आहे.

म्हणून मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली. रंग देताना विचारायचं: समोरच्याला याबद्दल सगळं सांगितलं, तर हा रंग निरुपयोगी ठरेल का? सिलिंडरच्या काळ्या रंगाबद्दल गिऱ्हाइकाला सगळं सांगा, त्याचा उपयोग तसूभर कमी होत नाही, गंज थांबलेलाच राहतो. वेल्डिंगवरच्या पुट्टीबद्दल सांगा, तिचं काम तिथेच संपलं. जे सांगितल्यावर मरतं, ते न सांगण्यावरच जगत होतं.

इथवर सगळं छान. पण गाडी माझी नव्हती. टाका उघडा ठेवला तर गिऱ्हाईक भाव पाडणार, आणि तो मामीच्या पैशातून जाणार. दुसऱ्याच्या खिशातून आपला प्रामाणिकपणा करणं फार सोपं असतं. मामीला मी मोबाइलवर त्या टाक्याचा फोटो दाखवला आणि दोन्ही रस्ते सांगितले. ती म्हणाली, "मला तुझं तत्त्वज्ञान नको, मला जयाच्या फीचे पैसे हवेत." मी गप्प राहिलो, कारण तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रात्री तिचाच फोन आला. "घेणारा कोण आहे रे?" म्हटलं, नोकरीला नुकताच लागलेला मुलगा आहे, गाडी लडाखला न्यायची म्हणतो. ती जरा थांबली. "मग सांग त्याला. पण भाव तू कर, मला जमायचं नाही."

मामीनं कुठलीही सनद वाचलेली नाही. 'ओरिजिनल'शी तिला देणंघेणं नाही. तिनं फक्त त्या रंगाच्या पलीकडे बसलेला माणूस पाहिला, जो त्या इंजिनाच्या भरवशावर एका लांबच्या घाटात जाणार होता. मी इतके दिवस धातू आणि रंग यांच्यातला खरेपणा शोधत होतो. पण इंजिनाला खरं-खोटं काय कळणार? खरं-खोटं असतं ते विकणाऱ्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये.

सिलिंडरला दोन पातळ काळे हात दिले. क्रँककेस धुऊन, ब्रशनं साफ करून तशीच राखाडी ठेवली, टाक्यासकट. काय बदललं, काय जुनंच आहे, हे एका वहीच्या पानावर लिहून कागदपत्रांसोबत दिलं. त्या मुलानं टाक्यावर बोट फिरवलं, बरेच प्रश्न विचारले आणि भाव पाडून घेतलाच. मामी अजून म्हणते, "तुझ्या खरेपणाचे पैसे मी भरले." ते खरंच आहे. खरेपणाला किंमत असते, आणि ती कोण भरतंय हे विसरून त्याबद्दल बोलू नये, इतकं मी आता लक्षात ठेवतो.