मुलाला फौजेत पाठवावे काय?

रविवारची वंदना आटोपते, त्रिशरण-पंचशील होते, आणि लोक उठू लागले की विहाराच्या ओट्यावर खरे प्रश्न निघतात. जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या वस्त्यांत असाच एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलगा दहावी-बारावीला असतो. पहाटे अंधारात उठून सडकेवर धावतो. त्याची आई विचारते, "आपण आताच पहिले शील घेतले, जीवहत्या करणार नाही म्हणालो. मग पोराच्या हाती बंदूक द्यायची कशी?" बाप म्हणतो, "आपले वाडवडील पलटणीतले. आपण मागे राहायचे काय?" शेजारी म्हणतो, "पगार चालू होतो ना? मग बाकी काय बघायचे?" तिघेही पोराच्या हितासाठीच बोलतात, पण पोराला कोणीच विचारत नाही. उपासक-उपासिकांनो, या तिन्ही म्हणण्यांचा क्रमाने विचार करू.

आईची शंका सर्वांत मोलाची आहे. बाईमाणसाची भीती म्हणून ती उडवून लावू नये. नव्याने धम्मात आलेल्या घरात शीलाचा अर्थ विचारला जातो, हीच धम्म घरात शिरल्याची खूण आहे. प. पू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा खुलासा केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारणे भाग पडणे यांत फरक आहे, असे त्यांनी दाखवले. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद दिला आहे. शांततेचे सर्व उपाय थकल्यावर जो न्यायासाठी लढतो त्याला दोष नाही. युद्धाला जो कारण होतो त्याला दोष आहे, असा त्याचा आशय आहे. तेव्हा शिपाई झाला म्हणून कोणी अबौद्ध होत नाही.

पण इथेच थांबलो तर आपण अर्धाच धम्म ऐकला असे होईल. संयुत्त निकायात एका योद्ध्याची कथा आहे. रणात मरण आले तर स्वर्ग मिळतो हे खरे काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी वारंवार उत्तर टाळले. शेवटी सांगितले की, समोरच्यांचा नाश व्हावा अशा द्वेषाने भरलेल्या मनाने जो मरतो त्याला सद्गती नाही. आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघ कोलियांवर चालून जायला निघाला, तेव्हा युद्धाला उभा विरोध कोणी केला? तरुण सिद्धार्थाने. बहुमत विरुद्ध गेले तरी त्यांनी माघार घेतली नाही, देशत्याग पत्करला. बाबासाहेबांनी हा प्रसंग सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला, हे विसरू नये. म्हणजे धम्म पलटणीचा दरवाजा बंद करत नाही. पण विवेक दरवाज्याबाहेर ठेवून आत जा असेही म्हणत नाही. वर्दी चढवताना शील खुंटीला टांगायचे नसते. शरण आलेला शत्रू, नि:शस्त्र गावकरी, परक्या मुलखातली बाई यांच्यासमोरच बौद्ध शिपायाच्या पहिल्या शीलाची परीक्षा होते.

आता बापाचे म्हणणे. त्याचा अभिमान खोटा नाही. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढलेल्यांत महार शिपाई होते. त्यांच्यापैकी पडलेल्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभाजवळ गेले. पण पुढे काय झाले तेही मुलाला सांगावे. एवढे शौर्य दाखवूनही १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. सुभेदार रामजींनीही खटपट केली. पहिल्या महायुद्धात माणसे हवी होती म्हणून १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती मात्र टिकली. गरज होती तेव्हा बोलावले, गरज सरली तेव्हा घरी पाठवले! नुसत्या शौर्याने माणुसकीचे हक्क मिळत नाहीत, हा त्याचा धडा.

मग पलटणीने आपल्याला काय दिले? शाळा दिली. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, त्यांच्या मुलांना छावणीत अक्षर मिळाले. रामजी सकपाळ सुभेदार होते तसेच लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते. १८९१ साली महूच्या छावणीत जन्मलेल्या भीमरावांना त्यांनी पुस्तकाचे वेड लावले. बापाने वारसा सांगायचा तर बंदुकीच्या आधी पाटीचा सांगावा.

आपल्या खानदेशातलीच एक घटना इथे आठवावी. २३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. साहेबांनी पायी चालावे हे आपल्या लोकांना मानवेना. म्हणून त्यांनी टांगा तेवढा घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाला पुढे बसवले. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी चाळीसगावच्या माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, असे त्यांनी पुढे या प्रसंगाबद्दल लिहिले. त्या लोकांचे प्रेम खरे होते. तरी पाय मोडला तो मोडलाच. समाजाची मान उंच व्हावी म्हणून मुलाला वर्दीत कोंबणारा बाप हाच टांगा हाकत नाही काय?

राहिला शेजाऱ्याचा पगार. गरिबाने पगार पाहू नये, असे पोट भरलेला माणूसच म्हणेल. पण पगार पाहायचा तर पुरता पाहावा. २०२२ पासून शिपायाची भरती अग्निपथ योजनेतून होते. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुले पुढे घेतली जातात. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. म्हणजे अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी घरी परत येऊ शकतो. तेव्हा हाती शिक्षण नसेल तर तो काय करील, हा हिशेब आधीच मांडावा.

अधिकारी होण्याची वाट वेगळी आहे, आणि ती आपल्या घरांत फारशी कोणी सांगत नाही. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची परीक्षा देता येते; पदवीनंतर सीडीएसची. तिच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे; दहावीनंतर तिथे प्रवेशपरीक्षा असते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली आहे, आणि २०२२ पासून मुलीही प्रबोधिनीत शिकू लागल्या. तेव्हा 'मुलाला' हा मथळ्यातला शब्द मुलीलाही लागू समजावा. विमानदल किंवा नौदलाकडे जायचे तर बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित लागते. ते अकरावीत प्रवेश घेतानाच ठरवावे लागते. फौजेत डॉक्टर, परिचारिका, इंजिनिअर, संदेशवहन करणारे असतात, हेही मुलांच्या कानावर घालावे.

आईबापांचे काम एवढेच: सर्व वाटा दाखवणे, त्यांतला धोका न लपवणे, शाळा सुटू न देणे आणि मुलाने कोणतीही वाट धरली तरी घराचे दार उघडे ठेवणे. भरतीत नापास झालेल्या पोराला नामर्द म्हणू नये. नको म्हणणाऱ्याला भित्रा म्हणू नये. एकट्या सिद्धार्थाने सेनापतीला नकार दिला होता. तो भित्रा होता काय?

कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. हा उपदेश घरातल्या बापालाही लागू आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर ओट्यावर पोराला जवळ बसवा. "तुला का जायचे आहे?" एवढे विचारा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

जयभीम!