बटण दाबलेले असताना



हौशी रेडिओ किंवा ‘हॅम रेडिओ’ हा छंद आपल्या सातारा-सांगलीकडे घरोघरी ठाऊक आहे असे नाही. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, ‘व्हीयू’ने सुरू होणारी आपली खूण मिळवायची आणि घरच्या संचावरून अनोळखी माणसांशी बोलायचे. ही मंडळी संध्याकाळी ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर जमली, की चालवणारा आधी विचारतो : कुणाचा तातडीचा निरोप आहे का? मग तो थांबतो. गप्पा त्यानंतर. एकाचे संपल्यावर दुसराही क्षणभर जागा सोडून बोलतो. मध्येच कुणाला हाक घालायची असेल, तर त्याला वाट हवी.

ही नुसती सभ्यता नव्हे, यंत्राचा स्वभावच तसा आहे. बोलायला बटण दाबावे लागते, आणि ते दाबलेले असेपर्यंत त्या संचावर आपल्याला काहीच ऐकू येत नाही. शिवाय एफएम पद्धतीत दोघे एकदम बोलले तर दोन्ही आवाज सारखे ऐकू येत नाहीत. जोरदार लहर दुर्बळ लहरीला जवळजवळ पुसून टाकते. ज्याची लहर जोरदार, त्याला याचा पत्ताही नसतो. त्याने कुणाचा गळा दाबलेला नसतो. तो फक्त बोलत असतो.

मग न ऐकलेल्या हाकेचा जाब कुणी द्यायचा? ‘मला माहीतच नव्हते’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. संत थॉमस अक्विनास यांच्या मते जे अज्ञान दूर करणे आपल्या हाती होते आणि कर्तव्यही होते, ते आपल्याला दोषमुक्त करीत नाही. रेडिओ याच्याही एक पाऊल पुढे नेतो. इथे अज्ञान आपल्याच बोलण्यातून तयार होते.

आपल्या सभांचे इतिवृत्त काढून पाहा. ‘कुणीही हरकत घेतली नाही’ असे लिहिलेले असते. हरकत नव्हती, की बोलायला जागाच नव्हती? घरातही तेच. सून काही बोलत नाही, म्हणजे तिचे सगळे बरे चालले आहे असे सासरे धरून चालतात!

कायम गप्प बसणे हा यावरचा उपाय मला पटत नाही. सगळेच गप्प राहिले तर फ्रिक्वेन्सी मेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी निरोप पोहोचवायला धावली, ती बोलण्यासाठीच. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि २००५ व २०१९ चे कृष्णेचे महापूर पाहिलेल्यांना अशा निरोपाचे मोल सांगायला नको. प्रश्न बटण कधी सोडायचे याचा आहे.

पोलंडचे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हेही परवानाधारक हॅम होते. त्यांची खूण एसपी३आरएन. १९४१ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत उपासमारीने मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले. त्यांतला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीने ओरडला. रांगेतल्या सर्वांनी ते ऐकले असणार. कोल्बे पुढे आले आणि त्याच्या जागी गेले. १९८२ मध्ये रोमला त्यांना संतपद जाहीर झाले, तेव्हा गायोव्हनिचेक तिथे हजर होता.