बॅटरीचं वय

बॅटरी दोनदा संपते. एकदा रोज संध्याकाळी आणि एकदा दोन-तीन वर्षांनी. पहिलं संपणं चार्जरला लावलं की भरून निघतं, दुसरं निघत नाही. आपण धास्ती घेतो पहिल्याची आणि त्या धास्तीपायी दुसरं जवळ ओढून आणतो.

शंभर टक्के दिसले की जीव भांड्यात पडतो. बॅटरीला मात्र भरलेलं राहणं सगळ्यात जड जातं. तिच्या आत एका बाजूला ग्राफाइटचे थर असतात, दुसऱ्या बाजूला बहुतेक फोनांत कोबाल्टयुक्त ऑक्साइड. चार्जिंग सुरू झालं की लिथियम कोबाल्टची बाजू सोडतं आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतं. थर काठोकाठ भरले की दर सहा कार्बनमागे एक लिथियम बसलेलं असतं आणि थर सुमारे दहा टक्क्यांनी फुगलेले असतात. पलीकडची बाजू तितकीच रिकामी झालेली, त्यामुळे अस्थिर. मधल्या द्रावणाशी तिच्या नको त्या प्रक्रिया होऊ लागतात. थोडं थोडं लिथियम कायमचं अडकत जातं. अडकलेलं पुन्हा कामाला येत नाही.

अगदी रिकामं होणंही तिला सोसत नाही. तिला मानवतो तो मधला पट्टा, साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांचा.

भरलेपणाला उष्णतेची जोड मिळाली की वय झपाट्याने वाढतं. रात्री फोन चार्जिंगला लावून उशीखाली सरकवला, की मध्यरात्रीच शंभर होतात आणि सकाळपर्यंत बॅटरी त्याच ताणात, त्याच उबेत पडून राहते. बऱ्याच नव्या फोनांत ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती एकदा चालू करणं, हे मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. झटपट चार्जर घाईच्या वेळी जरूर वापरावा. रात्री झोपेत कसली घाई?

रोज निम्मी बॅटरी वापरली तर दोन दिवसांचं मिळून एक चक्र धरतात. चार वेळा थोडं थोडं चार्ज केलं म्हणून चार चक्रं होत नाहीत. म्हणजे दुपारी दहा मिनिटं चार्जिंगला लावण्यात काहीच वावगं नाही. तरी कितीतरी घरांत आजही सांगतात, ‘पूर्ण उतरू दे, मगच लाव.’ तो सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची सवय जडायची आणि त्या तेवढ्याच चालायच्या. लिथियमची जात वेगळी. जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडची बाजू शोधली, अकिरा योशिनो यांनी १९८५ साली जपानमध्ये तिच्यावर आधारलेली सुरक्षित बॅटरी उभी केली, १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली. २०१९ साली या दोघांना आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. वस्तू बदलून तीस वर्षं उलटली. सल्ला तोच राहिला, कारण सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि प्रेमाने दिलेलं कोणी तपासून पाहत नाही.

मागची ॲप एकेक करून बंद करत बसण्यातूनही फारसं हाती लागत नाही. बंद केलेलं ॲप पुन्हा मुळापासून उघडायला फोनला जास्तच खर्च येतो. खरा खर्च पडद्याचा आणि रेंजचा. ब्राइटनेस निम्म्यावर आणला की लगेच फरक दिसतो. ओलेड पडदा असेल तर काळा भाग उजळतच नाही, तेवढी वीज वाचते. आणि रेंज जितकी अशक्त, तितका फोन जोर लावून बोलतो. कोकण रेल्वेत बोगद्यामागून बोगदा येत असतो, फोन खिशात नुसता पडून असतो आणि रत्नागिरी येईपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते. तो सारा वेळ टॉवर शोधत होता. अशा प्रवासात विमानाची खूण दाबून ठेवावी.

२००३ सालचा नोकिया ११०० कित्येक घरांतला पहिला फोन. त्याच्या डोक्यावर टॉर्च होता. बॅटरी ८५० एमएएचची, आणि ती सहज काही दिवस चालायची. आजच्या फोनमध्ये ५००० एमएएचची असते आणि रात्री घरी पोचेपर्यंत लाल होते. बॅटरी जवळजवळ सहापट झाली. भूक त्याहून वाढली.

दुरुस्तीच्या दुकानात एकदा फुगलेली बॅटरी जवळून पाहावी. फोनची पाठ चौकटीपासून नखभर सुटलेली असते. दुकानातला मुलगा कडा गरम करतो, डिंक सैल होऊ देतो आणि पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवतो. धातूची पट्टी तो हातातही घेत नाही. पाठ निघते. चपटी असायला हवी ती बॅटरी मध्यभागी वर आलेली, चंदेरी वेष्टण ताणलेलं, आत वायू भरलेला. ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. तो ती अलगद उचलून वाळूच्या डब्यात ठेवतो.

‘काकू, रात्रभर लावून ठेवता का?’

‘हो रे, सकाळी भरलेला लागतो.’

तो पुढे काही बोलत नाही. नवी बॅटरी बसवतो, डिंकाची पट्टी दाबून धरतो, फोन चालू करून हातात देतो. एवढ्यानेच फोनला आणखी दोन-तीन वर्षं मिळतात. पडदा, कॅमेरा, आतला चिमुकला मेंदू, सगळं धडधाकट असतं. वय झालेलं असतं ते फक्त बॅटरीचं. बॅटरीपायी अख्खा फोन मोडीत काढणं मला पटत नाही.

या सगळ्या सल्ल्यांत एक माणूस कुठेच बसत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिसावर जातो. दुपारी दोनला डिलिव्हरीवाला मुलगा सिग्नलला थांबलेला असतो. फोन हँडलवर, उघड्या उन्हात. नकाशा चालू, नेट चालू, ब्राइटनेस पूर्ण, आणि वर गाडीच्याच यूएसबीवरून चार्जिंगही चालू. पस्तीस अंशांच्या वर बॅटरीला इजा होऊ लागते, असं फोनच्या कंपन्याच सांगतात. इथे हवाच पंचेचाळीस अंश आहे आणि उन्हात तापलेला काळा फोन त्याहून कितीतरी गरम. ठरावीक मर्यादेपलीकडे फोन स्वतःला जपू लागतो, चार्जिंग थांबवतो, पडद्याचा उजेड उतरवतो. उजेड उतरला की भर उन्हात नकाशा दिसेनासा होतो. मुलगा तळहाताची सावली धरून पुढचं वळण शोधतो. पुठ्ठ्याची झापड करून फोनवर बसवलेले काहीजण दिसतात. या विषयावर मी पाहिलेली सगळ्यात शहाणी कल्पना तीच.

त्याला कोण सांगणार, की उन्हात ठेवू नकोस, चार्जिंग चालू असताना वापरू नकोस? फोन बंद म्हणजे काम बंद. काळजी घेण्यासाठी आधी सवड लागते आणि ती सगळ्यांकडे सारखी नसते. त्याची बॅटरी आपल्यापेक्षा लवकर संपते, आणि ती बदलायचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. ज्यांच्या कामासाठी ती बॅटरी जळते, त्यांनी तिच्या खर्चाचा वाटा उचलायला हवा.

बॅटरीच्या दुसऱ्या टोकालाही एक माणूस आहे. जगातल्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून अधिक काँगोतून येतं, त्यातलं बरंच कोल्वेझीच्या आसपासच्या खाणींतून. तिथे काही माणसं हातांनी खणतात, अरुंद बोगद्यांत उतरतात. त्यांत मुलंही असल्याचं ॲम्नेस्टीने २०१६ साली पुराव्यानिशी मांडलं. एक बॅटरी वर्षभर जास्त चालली म्हणून खाण बंद होत नाही, हे खरं. तरीही जे इतक्या कष्टाने जमिनीतून वर आलं, ते आळसापायी दोन वर्षांत वाया घालवायला मन धजत नाही.

म्हणून हा प्रश्न नुसत्या सवयीवर सोडून भागणार नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरायला हवी. किती चक्रं टिकेल आणि फोन दुरुस्तीला किती सोपा, हे तिथे लेबलवर छापावं लागतं. काही अपवाद सोडले, तर फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतःच्या हाताने बॅटरी काढता यावी, असाही तिथला नियम आहे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, त्याच वर्षी केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. ही सुरुवात चांगली आहे. पण दुकानात फोन घेताना आपण अजून मेगापिक्सेल विचारतो. खोक्यावर तेही ठळक छापलेले असतात. त्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे हवेत: किती चक्रांनंतर किती टक्के उरतील, आणि पाच वर्षांनी याच गावात नवी बॅटरी किती रुपयांत बसेल.