मापन, श्रवण आणि समीक्षकाचे प्रामाण्य

ध्वनिसाधनांच्या परीक्षणक्षेत्रात गेली कित्येक दशके चाललेला एक वाद साहित्यसमीक्षकाला परका वाटू नये. ॲम्प्लिफायर किंवा लाउडस्पीकर यांची गुणवत्ता प्रयोगशाळेतील मापनांवरून ठरवावी की जाणत्या कानाने केलेल्या श्रवणावरून, असा हा वाद आहे. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत ‘स्टीरिओफाइल’ हे नियतकालिक सुरू केले, ते मापनांवरच विसंबणाऱ्या तत्कालीन परीक्षणांविषयीच्या असमाधानातून. तेव्हापासून वस्तुनिष्ठ आकडा विरुद्ध व्यक्तिनिष्ठ अनुभव, असे द्वंद्व मांडले जाते. हे द्वंद्व मुळात खरे आहे काय, हा प्रश्न आहे.

मापनाच्या मर्यादेचे एक उदाहरण घेऊ. ॲम्प्लिफायर मूळ स्वरात त्याच्या पटीतील कंप्रतांचे उपस्वर मिसळतो. या सर्वांची गोळाबेरीज म्हणजे ‘एकूण विकृती’ होय. हा आकडा अचूक असतो, पण त्यातून विकृतीचा प्रकार कळत नाही. दुसरा उपस्वर हा मूळ स्वराच्याच वरच्या सप्तकातला असल्याने कानाला फारसा खटकत नाही. वरच्या क्रमांकाचे उपस्वर अल्प प्रमाणातही बोचतात. म्हणूनच बीबीसीचे अभियंते डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्ये असे सुचविले, की प्रत्येक उपस्वराला त्याच्या क्रमांकाच्या वर्गानुसार अधिक भार द्यावा. हा भार उपकरणाने ठरविलेला नाही. तो कानाच्या साक्षीने ठरला आहे. काय मोजावे, हे मापन स्वतः सांगू शकत नाही.

याचा अर्थ श्रवण स्वयंप्रमाण आहे, असा मात्र होत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन या कंपनीतील ४० श्रोत्यांना चार लाउडस्पीकर ऐकविले. एकदा पडद्याआडून, एकदा समोर ठेवून. लाउडस्पीकर दिसू लागताच गुणांकन बदलले. आकार आणि प्रतिष्ठा यांचाही त्यात वाटा होता. श्रोते खोटे बोलत नव्हते. ते जे ‘ऐकत’ होते त्यात डोळ्यांनी पाहिलेलेही मिसळले होते, आणि ते त्यांना वेगळे करता येत नव्हते.

डेव्हिड ह्यूमने १७५७ मधील अभिरुचीविषयक निबंधात ‘डॉन क्विक्झोट’मधील एक गोष्ट सांगितली आहे. सँचोच्या दोन नातलगांनी एकाच पिंपातील मद्य चाखले. एकाला त्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले, पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडली. किल्लीने रसनेचे प्रामाण्य सिद्ध केले, हे ह्यूमचे म्हणणे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की त्या दोघांनी किल्ली आधी पाहिलेली नव्हती. ती पाहून मग चव सांगितली असती, तर त्या निर्णयाला काहीच मोल उरले नसते.

आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि १९२९ मध्ये त्यावरील अभिप्रायांची मीमांसा प्रसिद्ध केली. हाही पडद्याआडचाच प्रयोग. परंतु येथे साम्य संपते. लाउडस्पीकर हे माध्यम आहे. त्याच्यावरील नाममुद्रा ध्वनीचा घटक नव्हे. कवितेचा काळ आणि परंपरा मात्र पुष्कळदा तिच्या अर्थाचाच भाग असतात. तेथे पडदा पूर्वग्रहाबरोबर अर्थाचा काही अंशही झाकतो. म्हणून ध्वनिपरीक्षणातील कसोटी साहित्यात जशीच्या तशी लावता येणार नाही.

तरीही तिच्यामागील नैतिक मागणी दोन्ही क्षेत्रांत एकच आहे. ‘मला तसे जाणवले’ हे विधान समीक्षेचा आरंभ असू शकते, समीक्षेचा आधार नव्हे. आपला अनुभव नेमका कशातून आला हे तपासू देण्याची तयारी जो दाखवितो, त्याच्याच संवेदनशीलतेला प्रामाण्य मागण्याचा अधिकार पोचतो. जो ही तपासणी नाकारतो, तो श्रवणाची नव्हे, स्वतःच्या अधिकाराची बाजू घेत असतो.