आजचे चिंतन : गीता ६.१६-१७ (परीक्षा, सामना आणि माप)

आजचे श्लोक सहाव्या अध्यायातले, सोळावा आणि सतरावा. आशय सगळ्यांना ठाऊक आहे. जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो मुळीच खात नाही त्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप, जागरण हे सगळं 'युक्त' असावं. माउलीही इथे मापाचीच भाषा बोलतात. आपण मात्र याचा अर्थ 'बॅलन्स' असा लावून मोकळे होतो, आणि बॅलन्स म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखं सारखं. इकडे चार तास, तिकडे चार तास. श्लोकात तसं काही म्हटलेलं नाही. युक्त म्हणजे योग्य, त्या जागी बसणारं. भुकेल्याचं माप वेगळं, आजाऱ्याचं वेगळं.

हे श्लोक या आठवड्यात वाचायला आले हे बरं झालं, कारण माझ्या मावसभावाने नेमका हाच प्रश्न विचारलाय.

तो जर्मनीत एम.एस. करतोय. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून गेला, आमच्या घरातला सगळ्यात थोराड मुलगा. तिथे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो अमेरिकन फुटबॉलच्या एका क्लबात शिरला. मी शिकायला तिकडेच होतो तेव्हा दोन सीझन हा खेळ खेळलो होतो, त्यामुळे घरात या बाबतीतलं सगळं खापर माझ्यावर फुटतं. आता त्याच्या एका विषयाची परीक्षा मंगळवारी आहे, आणि आदल्या रविवारी दोनशे किलोमीटरवर सामना. त्यातून हा त्या विषयाचा तिसरा प्रयत्न. जर्मनीत बऱ्याच अभ्यासक्रमांत परीक्षेला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम दुसरीकडेही पुढे नेता येत नाही. आपल्या मुलांचा तर व्हिसाही शिक्षणावरच टांगलेला. मावशीने घरावर कर्ज काढलंय. तिचा फोन आला, "अरे, तूच सांग त्याला. तुझं ऐकतो तो. सोड म्हणावं तो धसमुसळा खेळ." त्याचा मेसेज वेगळा होता: "दादा, मी नाही गेलो तर लाइनमध्ये पाचवा माणूस कोण?"

मावशीचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण मुलाचा प्रश्नही पोरकट नाही. तो समजायला खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर सहसा चेंडू समोरच्यांकडे. शंका आली तर मैदानात दहा यार्डांची साखळी आणून मोजतात. एकेक डाव चार-पाच सेकंदांत संपतो. चेंडू घेऊन पळणारा सगळ्यांना दिसतो, पण त्याच्यापुढे पाच धिप्पाड लोक ओळीत उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. मधला सेंटर चेंडू मागे देतो तेव्हा खेळ सुरू होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. या पाचांनी एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलायचाही नसतो. त्यांचं काम एकच, मागच्या माणसाला लागू द्यायचं नाही. आमचा धाकटा गार्ड आहे. मीही गार्डच होतो.

जर्मनीत हा खेळ अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांमुळे रुजला. १९७७ मध्ये फ्रँकफर्टला पहिला क्लब निघाला, १९७९ पासून लीग आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तर म्युनिकला एनएफएलचा सामनाच झाला. पण खालच्या लीगमध्ये पैसा नसतो. क्लब म्हणजे नोंदणी केलेली संस्था, तिला ते फेराइन म्हणतात. खेळाडूच वर्गणी भरतात. हेल्मेट, शोल्डर पॅड बहुतेक वेळा स्वतःचे. घरच्या मैदानावर सामना असला की कुणाची आई केक आणते, जखमी खेळाडू सॉसेज विकायला बसतो. संघात इलेक्ट्रिशियन, नर्स, विद्यार्थी, बेकरीवाला. सीझन साधारण वसंतापासून सप्टेंबरपर्यंत, आणि उन्हाळी सेमिस्टरची व्याख्यानं जुलैच्या मध्याला संपून लगेच परीक्षा. म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींवर आदळणार हे एप्रिलमध्येच दिसतं.

परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलाला असा क्लब काय देतो हे मावशीला फोनवरून कळणं कठीण. आठवडाभर लॅब आणि खोली एवढंच असतं. मंगळवारी सरावाला गेला नाही तर कुणीतरी विचारतं, बरा आहेस ना? असं विचारणारी त्या शहरात तेवढी एकच जागा. शिवाय श्लोकात 'विहार' आहारालाच जोडून आलाय, कर्माच्याही आधी. योगाचं सांगतानाही विहार सोडा असं म्हटलेलं नाही, मापात ठेवा असं म्हटलंय.

आता खरा प्रश्न. हौसेने धरलेली गोष्ट कर्तव्य होऊ शकते का? मावशी म्हणेल, परीक्षा हा त्याचा धर्म आणि खेळ ही त्याची मौज, मग तुलना कसली? तिसऱ्या अध्यायातला स्वधर्माचा श्लोक अशा वेळी हमखास पुढे येतो. मला हे इतकं सोपं वाटत नाही. काम थोर आहे की फालतू यावरून कर्तव्य ठरत नाही. आपल्या शब्दावर कोण विसंबून आहे यावरून ते ठरतं. पाचव्या माणसाच्या भरवशावर मागचा क्वार्टरबॅक समोरून येणाऱ्याकडे न बघता उभा राहतो. मौज म्हणून सुरू झालं असेल, पण जर्सी घेतली त्या दिवशी ती नुसती मौज राहिली नाही.

मग रविवारी जावं? माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण परीक्षा 'मोठी' आहे हे नव्हे. परीक्षेच्या बाकावर त्याच्या जागी दुसरं कुणी बसू शकत नाही. मैदानावर त्याच्या जागी दुसरा उभा राहू शकतो, पण वेळेवर कळलं तर. माझा सगळा भर या 'वेळेवर' वर आहे. शनिवारी रात्री येत नाही म्हणून कळवलं की कोच कुणालाही तिथे ढकलतो, आणि मार त्याला बसतो. तेच दहा-बारा दिवस आधी सांगितलं तर बदली माणूस चार सराव करून उतरतो. सोमवारी निकामी डोकं घेऊन पुस्तक उघडणं हाही हिशोबातला भाग आहे. या खेळात डोक्याला धक्का बसणं दुर्मीळ नाही, आणि तसं झालं तर डॉक्टर आधी वाचन आणि स्क्रीनच कमी करायला सांगतात.

माझ्या वेळी मी एप्रिलमध्येच परीक्षांच्या तारखा एका कागदावर लिहून कोचला दिल्या होत्या. दोन सामन्यांना नसेन, बाकी सगळ्यांना असेन. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "छान, मला मोजता येईल." नकार सगळ्यांनाच द्यावा लागतो, तो कधी दिला यावर त्याची किंमत ठरते.

लोरों द्युवेर्ने-तारदिफ हे नाव इथे आठवतं. कॅनडातला, मॅकगिल विद्यापीठात वैद्यकीय शिकणारा, अमेरिकेत कॅन्सस सिटी चीफ्सकडून गार्ड म्हणूनच खेळायचा. खेळता खेळता २०१८ मध्ये त्याने पदवी पूर्ण केली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकला. आणि त्याच वर्षी कोविडमध्ये सीझन सुरू होण्याआधीच जुलैत कळवून टाकलं की यंदा खेळणार नाही. तो क्विबेकमधल्या वृद्धांच्या सेवागृहात कामाला गेला. त्याने दोन्हीचे अर्धे अर्धे तुकडे केले नाहीत. जिथे होता तिथे पुरता होता, आणि निघताना वेळेत सांगून निघाला. (त्याला पगार होता, आमचा धाकटा वर्गणी भरतो, हा फरक मान्य.)

दोन गोष्टी मला अजिबात पटत नाहीत. खेळाने शिस्त लागते, मग अभ्यास आपोआप होतो, ही एक. तास तेवढेच असतात. आठवड्याला दोन संध्याकाळी तीन-तीन तास आणि बाहेरगावच्या सामन्याचा अख्खा दिवस, हे कुठून तरी जातातच. दुसरी जास्त धोक्याची, 'फळाची आशा नको' म्हणत परीक्षा सैल सोडणं. गीता फळावरची आसक्ती सोडायला सांगते, कामात ढिलाई करायला नाही. पेपर कोरा ठेवून येणारा काही स्थितप्रज्ञ नव्हे.

मी त्याला लिहिलं: आजच कोचला सांग. हा आणि पुढचा सराव चुकवू नकोस, पण स्वतःसाठी जाऊ नकोस. तुझ्या जागी जो उभा राहणार त्याच्यासमोर पॅड धरून उभा राहा, पाऊल कुठे टाकायचं ते दाखव. त्याचं उत्तर आलं, "दादा, तो एकोणीस वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा पंधरा किलो हलका. त्याला लागलं तर?" यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, अजूनही नाही. एवढंच म्हटलं की हेही कोचला सांग. त्या बाजूने डाव कमी खेळवणं त्याच्या हातात आहे, आणि ते त्याला आधी कळायला हवं.

कोचला त्याने कळवलंय. सरावाला जातोय, बाकी वेळ लायब्ररीत.

मावशीला फोन करून हे सांगितलं. ऑगस्टमधले दोन सामने तो खेळणार आहे आणि माझ्या मते त्याने खेळावेतच, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हेल्मेट तरी नीट आहे ना रे त्याचं?"

उद्या अठरावा श्लोक घेऊ. राम कृष्ण हरी.