जे आठवणार नाही, त्याचे मोल

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या घरी एकच गडबड उडते. दहा महिन्यांच्या बाळाच्या अंघोळीची ती वेळ. टबात कोमट पाणी ओतायचे, कोपर बुडवून ते बघायचे, टॉवेल आणि झबले हाताशी ठेवायचे. बाळाला पाण्यात बसवले रे बसवले की दोन्ही हातांनी थपाथप सुरू! फेस तोंडात घालायला बघायचे, स्वतःच उडवलेल्या पाण्याने दचकायचे आणि पुन्हा खिदळायचे. बाळापेक्षा आम्हीच जास्त भिजतो. एक हात मात्र सतत त्याच्या पाठीशी असतो. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून फोन वाजला तरी कोणी उठत नाही. मग अंग पुसणे, हलक्या हाताने तेल, दूध, कपाळावर क्रुसाची खूण आणि मंद दिव्यात एक अंगाई. साडेआठला घर शांत.

यातले बाळाला पुढे काय आठवणार? काहीच नाही. वयाच्या साधारण तिसऱ्या वर्षाआधीचे मोठेपणी सहसा कोणाला आठवत नाही. मग प्रश्न पडतो: ज्याची आठवणच राहणार नाही, त्या मायेचे मोल काय?

कोणी म्हणेल, आठवण राहिली नाही तरी फायदा होतोच. ते खरे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०५ माता आणि त्यांच्या लहान मुलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. अंघोळ, मालिश आणि शांत वेळ असा रात्रीचा ठरलेला क्रम दोन आठवडे पाळणाऱ्या घरांत मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि आयांचे मनही हलके झाले.

पण सारे मोल फायद्यातच असेल, तर आमच्या घरातल्या दुसऱ्या अंघोळीचे काय? आतल्या खोलीत आमची आजी आहे. तिने आम्हाला पायांवर पालथे घालून न्हाऊ घातले. आज ती आमची नावे विसरली आहे. सकाळी आम्ही तिचे अंग पुसून देतो. तिथे गाणे नसते, हसू नसते. असते ती घाई. "आजी, हात वर कर. चल, आटप लवकर." एका सकाळी तिने आमचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "गार आहे गं पाणी." बाळाच्या पाण्यात रोज कोपर बुडवणारे आम्ही, तिच्या पाण्यात बोटसुद्धा घातले नव्हते!

बाळालाही आठवणार नाही, आजीलाही आठवणार नाही. मग हा फरक कशामुळे? बाळाकडून उद्याची आशा असते, आजीकडून आता काही मिळायचे नसते, म्हणून का? तसे असेल, तर आमच्या मायेत थोडा हिशेब मिसळला आहे, हे कबूल करायला हवे. गार पाण्याने अंगावर येणारा काटा मात्र खरा असतो; दुसऱ्या दिवशी तो आठवो वा न आठवो. मायेचे मोल त्या घटकेत आणि त्या माणसात असते. आपण तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार देतो, तेव्हा 'त्याला हे आठवेल का?' असे कोणी विचारते का?

दोन्ही अंघोळी सारख्या नसतात, हेही खरे. बाळाला लाज नसते, आजीला असते. तिला खिदळणे नको, आडोसा हवा, अंगाला हात लावण्याआधी एक शब्द हवा. सेवा करणाराही थकतो. त्याने घरातल्या इतरांना हाक मारावी, त्यात कमीपणा नाही.

आम्ही सध्या एवढेच ठरवले आहे: आजीच्या पाण्यातही आधी कोपर बुडवायचे. आपल्या घरी असे कोणी असेल, तर आज त्यांचे पाणी कोणी बघितले?